डायनासोरांचा अंत आणि दख्खनचा काळा दगड

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या शिवारात कापूस होतो, तूर होते, पाणी असेल तिथे ऊस होतो. जमीन काळी. काळीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा दगड. विहिरीसाठी या दगडाला सुरुंग लावण्यात इथल्या कितीतरी पिढ्या खपल्या. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो ज्या काळात वाहत होता, त्याच काळात पृथ्वीवरच्या सजीवांच्या दर चार जातींपैकी साधारण तीन जाती नाहीशा झाल्या. ही गोष्ट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. पक्ष्यांच्या रूपाने उरलेली एक शाखा सोडली, तर डायनासोर तेव्हाच संपले. हा संहार दख्खनच्या ज्वालामुखीने केला, मेक्सिकोत आदळलेल्या लघुग्रहाने केला, की दोघांनी मिळून केला, यावर चाळीसहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद चालू आहे. मराठी वाचकाला या वादात परका म्हणून बसण्याचे काही कारण नाही. वादातल्या एका पक्षाचा बहुतेक पुरावा आपल्याच जमिनीत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. प्राणघातक घाव लघुग्रहाचा होता, असे मला उपलब्ध पुराव्यावरून वाटते. दख्खनच्या ज्वालामुखीने हवामान ढवळून काढले होते, यातही शंका नाही. पण त्या ढवळण्याचा संहारात वाटा किती, हे अजून पक्के ठरलेले नाही. ते ठरेल ते दगडांच्या वयाच्या मोजमापावरून, आणि ते मोजमाप सह्याद्रीत, मराठवाड्यात, विदर्भात व्हायचे आहे.

आधी काय मेले आणि काय वाचले ते पाहू, कारण कोणतेही स्पष्टीकरण शेवटी या यादीला उतरावे लागते. जमिनीवरचे डायनासोर गेले, आकाशातले टेरोसॉर गेले, समुद्रातले मोसासॉर आणि प्लेसिओसॉर गेले. गुंडाळलेल्या शंखाचे ॲमोनाइट कोट्यवधी वर्षे समुद्रात होते, तेही गेले. आपल्या देवघरातला शाळिग्राम हा त्यांच्याच एका जुन्या पिढीचा जीवाश्म. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या दहातल्या नऊ जाती संपल्या. उलट कासवे, मगरी, बेडूक, साप, उंदराएवढे सस्तन प्राणी आणि थोडे पक्षी तगले. जमिनीवर पंचवीस किलोपेक्षा जड असलेले जवळपास काहीच उरले नाही. गोड्या पाण्यातल्या जीवांची हानी त्या मानाने कमी झाली. नद्या-तळ्यांतले पुष्कळ जीव कुजलेल्या पाल्यावर जगतात, त्यांना रोजच्या उन्हाची थेट गरज नसते. ज्यांचे अन्न ताज्या वनस्पतींवर आणि समुद्रातल्या हिरव्या प्लवकांवर अवलंबून होते, ते उपाशी मेले. म्हणजे काहीतरी असे घडले की सूर्यप्रकाश अडला आणि अन्नाची साखळी तळातच तुटली.

१९८० पर्यंत या प्रश्नावर अंदाज पुष्कळ होते, पण ते तपासून पाहण्याची सोय फार थोडी होती. समुद्राची पातळी खाली गेली, हवामान गार झाले, सस्तन प्राण्यांनी डायनासोरांची अंडी फस्त केली, जवळच्या एखाद्या ताऱ्याचा स्फोट झाला. यातली समुद्र हटल्याची गोष्ट खरी आहे, पण समुद्र त्याआधी आणि नंतरही अनेकदा हटला, तेव्हा असा संहार झाला नाही.

मग इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळचा एक थर पुढे आला. तिथे चुनखडीच्या डोंगरात, संहाराच्या नेमक्या सीमेवर, बोटभर जाडीचा चिकणमातीचा पट्टा आहे. त्याखालच्या चुनखडीत फोरामिनिफेरांची दाटी, वरच्या चुनखडीत मोजकेच आणि बारीक. भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझ यांना जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की हा पट्टा साचायला किती वर्षे लागली. त्यांचे वडील लुई अल्वारेझ हे १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले. त्यांनी युक्ती सुचवली. अंतराळातली धूळ पृथ्वीवर सतत थोडी थोडी पडत असते, तिच्यात इरिडियम हा धातू असतो, आणि पृथ्वीच्या कवचात तो फारच दुर्मीळ. पट्ट्यात इरिडियम किती आहे ते मोजले की पट्टा किती काळात साचला ते कळेल. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजमाप केले, तर इरिडियम नेहमीच्या तीसपट निघाले. डेन्मार्कमधल्या त्याच वयाच्या थरात ते १६० पट होते. रोज पडणाऱ्या धुळीने एवढे साचणे शक्य नव्हते. ताऱ्याच्या स्फोटाचाही विचार झाला, पण अशा स्फोटातून येणारे प्लुटोनियम थरात सापडले नाही. जून १९८० मध्ये या चौघांनी लिहिले की सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला, त्याच्या धुळीने सूर्य झाकला आणि अन्नसाखळी कोसळली. त्याच वर्षी यान स्मिट हे डच भूवैज्ञानिक स्पेनमधल्या थरावरून स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले होते.

पहिली मागणी साहजिकच अशी होती की विवर दाखवा. ते मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली, शेकडो मीटर जाड चुनखडीच्या आड दडलेले होते. तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या सर्वेक्षणात ग्लेन पेनफिल्ड आणि अँटोनिओ कामार्गो यांना वर्तुळाकार रचना दिसली होती आणि १९८१ मध्ये त्यांनी ती एका परिषदेत मांडलीही होती, पण तेव्हा तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९१ मध्ये ॲलन हिल्डेब्रँड आणि सहकाऱ्यांनी तिची सांगड संहाराशी घातली. चिक्सुलूब विवराचा व्यास सुमारे १८० किलोमीटर आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर, तेही लघुग्रहाच्या आघाताचे आणि तेही याच दख्खनच्या दगडातले, १.८ किलोमीटरचे आहे. लोणारच्या काठावर उभे राहून ते शंभरपट रुंद डोळ्यांपुढे आणून पाहावे. (लोणारचा आणि डायनासोरांचा मात्र काही संबंध नाही. लोणार साधारण पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचे आहे.)

त्यानंतर पुरावा वाढतच गेला. हैतीत आघाताने वितळून उडालेल्या काचेचे मणी सापडले. प्रचंड दाबाखाली विशिष्ट रेघा उमटलेले क्वार्ट्झचे कण जगभरच्या सीमाथरात मिळाले. असे कण ज्वालामुखीतून निघत नाहीत. २०१६ मध्ये विवराच्या आतल्या कड्यात थेट छिद्र पाडले गेले आणि पुढे त्या नमुन्यांत इरिडियमचा थरही मिळाला. तिथल्या मूळ खडकात जिप्समसारखे गंधकयुक्त खडक भरपूर होते, पण विवरात भरलेल्या मलब्यात ते जवळपास नाहीत. म्हणजे त्यांतले गंधक वाफ होऊन आकाशात गेले. २०२४ मध्ये रुथेनियम धातूच्या समस्थानिकांवरून असे दिसले की आलेला पाहुणा कार्बनयुक्त लघुग्रह होता आणि त्याचा जन्म गुरूच्या कक्षेपलीकडे झालेला होता. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात आघातानंतर थोड्याच वेळात गाडले गेलेले मासे सापडले. त्यांच्या कल्ल्यांत काचेचे मणी अडकलेले होते, आणि हाडांच्या वाढीवरून उत्तर गोलार्धात तेव्हा वसंत ऋतू होता असे निघाले. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दिवसाचा ऋतू सांगता यावा, ही भूविज्ञानाची केवढी मोठी मजल आहे.

दख्खनचा पक्ष यापुढे टिकला कसा, असा प्रश्न पडेल. तो टिकला, कारण त्याच्याजवळही भक्कम आधार आहेत.

आज या लाव्ह्याने व्यापलेला प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि मूळचा याहून पुष्कळ मोठा होता. एकूण लाव्हा दहा लाख घन किलोमीटरच्या पुढे गेला असावा, असा अंदाज केला जातो. हे शंकूसारख्या डोंगरातून झालेले उद्रेक नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला. त्या भेगांच्या खुणा नर्मदा-तापीचा पट्टा, नाशिक-पुणे परिसर आणि कोकण किनारा इथे दिसतात. गेवराई तालुक्यातल्याच राक्षसभुवनावरून वाहणारी गोदावरी समुद्राला मिळण्याआधी राजमुंद्रीला पोचते. त्या राजमुंद्रीजवळही दख्खनच्या जातकुळीचे लाव्ह्याचे थर आहेत. हा लाव्हा पश्चिमेकडून जुन्या दऱ्याखोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत तिथवर गेला असावा, असे मानतात. तसे असेल तर पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते.

१७८३ मध्ये आइसलंडमधल्या लाकी इथे अशाच भेगांतून आठ महिने लाव्हा वाहिला. तो होता सुमारे १५ घन किलोमीटर. त्याच्या गंधकी धुराने आणि नंतरच्या दुष्काळाने आइसलंडची सुमारे एकपंचमांश माणसे दगावली, आणि धुके युरोपभर पसरले. दख्खनमधल्या एकेका मोठ्या उद्रेकात याच्या कितीतरी पट लाव्हा बाहेर पडला, आणि असे उद्रेक पुन्हा पुन्हा झाले.

अमेरिकेतले ड्यूई मॅकलीन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दख्खनच्या कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवत होते. खरे बळ मिळाले ते १९८६ मध्ये व्हिन्सेंट कुर्तीयो आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांच्या कामातून. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात साठवतो. हे क्षेत्र अधूनमधून उलटते. दख्खनचे बहुतेक थर एकाच उलट्या कालखंडातले निघाले. म्हणजे ज्या उद्रेकाला कोट्यवधी वर्षे लागली असावीत असे पूर्वी समजत, तो फार तर दहाएक लाख वर्षांत उरकला होता, आणि संहाराची सीमा याच कालखंडात येते. नुसता योगायोग म्हणून हे सोडून देणे कठीण आहे, विशेषतः इतर संहारांकडे पाहिले की. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा संहार याहून भयंकर होता आणि तो सैबेरियातल्या अशाच लाव्ह्याच्या वेळी झाला. २० कोटी १० लाख वर्षांपूर्वीचा संहार अटलांटिक उघडताना झालेल्या उद्रेकांच्या वेळचा. या दोन्ही वेळी तेवढ्या तोलामोलाच्या लघुग्रहाचा पुरावा मिळालेला नाही. उलट सैबेरियातच साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे पोपिगाई हे सुमारे शंभर किलोमीटरचे विवर आहे, आणि त्या आघाताबरोबर मोठा संहार झालेला दिसत नाही. दख्खनचा पक्ष घेणाऱ्यांचा हा सर्वांत चांगला युक्तिवाद आहे, आणि लघुग्रहवाद्यांनी त्याला अनेकदा हवे तेवढे मोल दिले नाही, असे मला वाटते.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर यांनी हा पक्ष सर्वांत चिकाटीने लढवला. भारतीय सहकाऱ्यांबरोबर त्या राजमुंद्रीच्या खाणींत आणि तेलासाठी खणलेल्या खोल विहिरींच्या नमुन्यांत फोरामिनिफेरा शोधत राहिल्या. राजमुंद्रीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात संहारानंतर लगेच आलेले फोरामिनिफेरा त्यांना मिळाले. त्यावरून दख्खनचा मोठा उद्रेक आणि संहार यांचा काळ अगदी जवळ आणता आला. २०१० मध्ये एक्केचाळीस शास्त्रज्ञांनी एकत्र लेख लिहून चिक्सुलूबच्या बाजूने कौल दिला, तेव्हाही केलर आपल्या म्हणण्यावरून हटल्या नाहीत. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी मी सहमत नाही. पण त्यांच्यामुळे जगाचे लक्ष महाराष्ट्र-आंध्रच्या दगडाकडे राहिले, हे मान्य केलेच पाहिजे.

आता वाद येतो तो वयाच्या मोजमापावर, आणि इथे आपल्या भूमीतली नावे आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत रोजच्या बोलण्यासारखी येतात. दख्खनच्या थरांचे त्यांच्या रासायनिक घडणीवरून गट पाडले गेले. पवईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि इतरांचे यात मोठे काम आहे. खालून वर जाताना यांतले मुख्य गट म्हणजे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यांतले वरचे तिघे वाई उपगटात येतात. सर्वांत जास्त लाव्हा यांच्यातच आहे. तेव्हा प्रश्न असा: पोलादपूर गटाचा लाव्हा लघुग्रह पडण्याआधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर दख्खन संशयित राहतो. नंतरचा असेल तर जे आधीच मेले त्यांना तो कसा मारणार?

हे मोजतात कसे, ते एखाद्या ताज्या विहिरीच्या कडेवरून समजते. लाव्ह्याच्या एका थराचा मधला भाग घट्ट, काळा, उभ्या भेगांचा असतो. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, आणि पोकळ्यांत गारगोटीसारखी पांढरी खनिजे. त्याच्यावर कुठे कुठे विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा लागतो, कुठे चार बोटे, कुठे हातभर, आणि त्याच्यावर पुढच्या थराचा काळा तळ. बोअर पाडताना करड्या भुकटीऐवजी एकदम लाल गाळ उडू लागला तर यंत्र अशाच पट्ट्यात शिरलेले असते. हा पट्टा म्हणजे उद्रेकातली विश्रांती. लाव्हा थांबला, उन्हापावसाने त्याचा पृष्ठभाग झिजला, माती झाली, मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजली. विश्रांतीच्या काळात दूरच्या एखाद्या वेगळ्या ज्वालामुखीची राख त्या मातीवर पडली असेल, तर तिच्यात झिरकॉन नावाचे सूक्ष्म स्फटिक मिळतात. झिरकॉनमधल्या युरेनियमचे शिसे होत जाते, त्यावरून वय निघते, आणि तेही काही दहा हजार वर्षांच्या अचूकतेने. सहा कोटींच्या आकड्यात ही अचूकता थक्क करणारी आहे.

ब्लेअर शॉन यांच्या गटाने सह्याद्रीतल्या लाल पट्ट्यांतले झिरकॉन मोजले. २०१५ मध्ये त्यांनी सांगितले की मुख्य उद्रेक सीमेच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षे चालला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी पुढे असे मांडले की उद्रेक सलग नव्हता. त्याचे चार मोठे झपाटे होते, आणि पोलादपूरचा झपाटा संहाराच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. शॉन यांचा हा लेख आला त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या गटाचाही लेख आला. पवईच्या आयआयटीतले कांचन पांडे त्यात होते. त्यांनी लाव्ह्यातल्या फेल्डस्पारचे वय आर्गॉनच्या पद्धतीने काढले. त्यांना चार झपाटे दिसले नाहीत, आणि एकूण लाव्ह्यापैकी सुमारे तीनचतुर्थांश सीमेनंतर बाहेर पडला, असे त्यांचे उत्तर होते. नमुने दोघांनी घाटांतूनच गोळा केले, डोंगर तेच, आणि निष्कर्ष मात्र जवळपास उलटे. दोन्ही पद्धतींच्या चुकीच्या मर्यादा हिशोबात घेतल्या तर हे आकडे वाटतात तेवढे एकमेकांविरुद्ध जात नाहीत. पण झपाटे होते की संथ धार होती, हे त्या मर्यादांच्या आतच लपलेले आहे. आणि मारण्याची ताकद एकूण लाव्ह्यावर कमी, त्याच्या वेगावर जास्त अवलंबून असते. शंभर वर्षांत सुटलेले गंधक आणि लाख वर्षांत सुटलेले तेवढेच गंधक, यांचा परिणाम एक नसतो. गंधकाचे कण पावसाबरोबर काही वर्षांत खाली येतात आणि दोन उद्रेकांमध्ये हजारो वर्षे गेली असतील तर हवामान मधल्या काळात सावरते. विहिरीतला तो लाल पट्टा या सावरण्याचाच पुरावा आहे.

आणखी एक गुंता आहे. वायू लाव्ह्याबरोबरच बाहेर येतो असे नाही. जमिनीखाली मुरलेल्या मॅग्म्यातून, म्हणजे वितळलेल्या खडकातून, कार्बन डायऑक्साइड आधीही झिरपून वर येतो. त्यामुळे थरांची जाडी मोजून वायूचा हिशोब थेट लागत नाही. त्यासाठी समुद्रतळाचा गाळ पाहावा लागतो, आणि मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा तिथलाच वाटतो. त्या गाळावरून दिसते की संहाराच्या दोन-तीन लाख वर्षे आधी पृथ्वी काही अंशांनी तापली. वेळ पाहता हे काम दख्खनचेच असणार. पण संहाराची घटका येण्याआधी तापमान पुन्हा खाली आले होते. पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हाच मुद्दा मांडला: वायूचा मोठा भाग आधीच सुटून गेला होता, आणि त्या तापमानवाढीत जाती फारशा नष्ट झाल्या नव्हत्या. त्याआधी २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका गुहेतल्या फोरामिनिफेरांच्या कवचांवरून दाखवले गेले की समुद्राचे पाणी नेमके सीमेवर एकाएकी आम्लधर्मी झाले. सीमेआधी तसे होत आल्याची खूण नव्हती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या कोळशासारख्या थरांवरून निघाले की संहाराच्या सुमारे तीस हजार वर्षे आधी हवा बरीच गार झाली होती, बहुधा ज्वालामुखीच्या गंधकाने. पण लघुग्रह पडेपर्यंत तीही सावरली होती.

उलट बाजूने २०२३ मध्ये अलेक्झांडर कॉक्स आणि ब्रेनिन केलर यांनी संगणकाला कोणताही संशयित आधी न सांगता, फक्त गाळातल्या नोंदींवरून वायूचा हिशोब उलटा काढायला लावला. लघुग्रह मध्ये न आणताही ज्वालामुखीच्या वायूंनी त्या काळची उलथापालथ समजावता येते, असे त्यांचे उत्तर आले. हे काम मला महत्त्वाचे वाटते. पण त्यातून कार्बनच्या आणि तापमानाच्या लाखो वर्षांच्या चढउताराचा उलगडा होतो. एका रात्रीत उन्हाला मुकलेल्या प्लवकांचा होत नाही. अन्नसाखळी तळातून तुटली, कुजकटावर जगणारे वाचले, ही सुरुवातीची यादी आठवली तर ताबडतोब आलेला अंधार आणि गारठा हेच उत्तर जुळते, आणि तो लघुग्रहाच्या धुळीने, काजळीने, गंधकाने येतो. २०२० मधल्या आणखी एका संगणकीय अभ्यासात असे दिसले की डायनासोरांना जगण्याजोगी जागा लघुग्रहाच्या थंडीत उरत नाही, दख्खनच्या वायूंत मात्र उरते. उलट दख्खनच्या कार्बन डायऑक्साइडने ती थंडी ओसरायला मदतच झाली असावी. ज्याला चाळीस वर्षे खुनी म्हटले, तो वाचलेल्यांचा आधार ठरला असण्याची शक्यता आहे.

दोन्ही पक्षांना जोडणारी एक कल्पना मार्क रिचर्ड्स, रेनी आणि इतरांनी २०१५ मध्ये मांडली. आघाताने पृथ्वी एवढी हादरली की दख्खनखालच्या तयार मॅग्म्याच्या वाटा मोकळ्या झाल्या, आणि वाई उपगटाचा महापूर लोटला. कल्पना मोहात पाडणारी आहे. पण ती खरी ठरायला आघात आणि पोलादपूरचा लाव्हा यांचा क्रम पक्का व्हायला हवा, आणि शॉन यांच्या आकड्यांत हा लाव्हा आघाताआधीच सुरू होतो. शंकर चॅटर्जी यांनी सुचवलेले, मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखालचे 'शिवा' विवर ही आपल्याकडे अधूनमधून बातम्यांत येणारी गोष्ट. तिला बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी स्वीकारलेले नाही. आघाताचा नि:संदिग्ध पुरावा तिथून आलेला नाही.

या सगळ्यात भारतातल्या डायनासोरांची स्वतःची साक्ष फार कमी लोक विचारात घेतात. १८२८ मध्ये स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला जबलपूरला हाडे मिळाली, तेव्हापासून ती साक्ष साचत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला अजस्र शाकाहारी डायनासोरांची हाडे आणि अश्मीभूत शेण सापडते. त्या शेणात गवताचे सिलिकाचे कण मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होते हे २००५ मध्ये जगाला प्रथम कळले. जवळच्याच डोंगरगावचा डायनासोर आज 'इसिसॉरस' या नावाने ओळखला जातो. हे सगळे लाव्ह्याखालच्या थरांतले. पण कच्छमध्ये अंजारला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातही डायनासोरांचे अवशेष आहेत. म्हणजे लाव्ह्याचे पहिले लोंढे आल्यावरही ते इथे, ज्वालामुखीच्या उंबरठ्यावर, नांदत होते. लाव्ह्याचा पूर थांबला की तळी भरत, झाडी येत, प्राणी परतत. उद्रेकानेच जगभरचे डायनासोर मारले म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागते. आणि मुंबईत वरळीला लाव्ह्यामधल्या गाळात सापडलेले चिमुकले बेडूक संहारानंतरच्या काळातले मानले जातात. लाव्हा चालूच होता, आणि बेडूक तळ्यात अंडी घालत होते.

मराठवाड्याकडे मात्र या कामात अजून पुरेसे कोणी वळलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोल छिद्र पाडले गेले, तेव्हा कळले की लाव्हा ३३८ मीटर जाड आहे आणि त्याखाली थोडा गाळ आणि मग प्राचीन ग्रॅनाइटी खडक आहे. कोयनेच्या छिद्रात हीच जाडी ९०० मीटरच्या वर निघाली. वयाच्या वादातले आकडे जवळजवळ सगळे घाटांतून आलेले. पूर्वेकडे पसरलेल्या थरांचे वय लागले, तर कोणता लोंढा किती दूर आणि किती वेगाने गेला हे कळेल, आणि वेगाचा तोच प्रश्न आज अडून राहिला आहे.

आपल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांना म्हणून एक विनंती आहे. रस्त्यांच्या रुंदीकरणात डोंगर कापले जात आहेत, तिथे लाल पट्टे आणि लाव्ह्यामधले गाळ काही महिने उघडे राहतात आणि मग सिमेंटखाली जातात. ते झाकण्याआधी त्यांचे फोटो, उंचीची नोंद आणि दोन किलो माती एवढे तरी जपून ठेवा. आणि गावकऱ्यांनो, दोन काळ्या दगडांच्या मध्ये पांढुरका किंवा हिरवट गाळ लागला आणि त्यात शंख, हाड किंवा लाकडासारखा दगड दिसला, तर तो फोडू नका, विकू नका. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, तिथे किंवा जवळच्या महाविद्यालयात कळवा.